टाकीतली चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) एकेक करून मरतायत, पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे, मग काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला घरच्या विहिरीचं पाणी वापरता आणि मेलेल्या श्रिंपच्या मानेपाशी पांढरी रेघ दिसते, तर माझा पहिला संशय त्या पाण्यावरच. आपल्याकडे जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी बहुतेक वेळा मऊ असतं, त्यात कॅल्शियम कमी, आणि श्रिंपला कात टाकून नवं कवच करायला तेच लागतं, नाहीतर कात अर्धवट अडकते आणि मानेपाशी ती रेघ दिसते. जीएच (पाण्याचा कठीणपणा) मोजायचं टेस्ट किट घ्या, तो ६ ते ८ डिग्रीच्या आसपास ठेवा. मी पक्ष्यांच्या दुकानातलं कटलबोन (कटलफिशचं कॅल्शियमवालं हाड) तुकडा करून टाकतो, स्वस्तात काम होतं, पण हळूहळू विरघळतं म्हणून धीर धरा.

पाणी एकदम अर्धं बदलू नका, आठवड्याला १०-१५ टक्के पुरे, तेही हळूहळू, कारण अचानक बदल झाला तरी अवेळी कात टाकतात. नळाचं घेत असाल तर आधी डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रव्य) घाला. माशांचं तांबं असलेलं औषध चुकूनही नको.

फिल्टर स्पंजवालाच लावा, पिल्लं ओढली जात नाहीत. जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) भरपूर, अंगणातल्या बदामाचं सुकून गळलेलं पान धुवून टाका, दोन दिवसांत सगळी त्याच्यावर चरायला बसतात! वरचं खाणं दिवसाआड, चिमूटभर. आणि हो, पावसात लाईट गेली की बॅटरीचा एअर पंप हाताशी असू दे.