शेंगाचटणी आणि उतावळा हात

नवख्याची शेंगाचटणी तिखट-मिठापेक्षा उतावीळपणाने जास्त बिघडते. उतावीळपणा म्हणजे नुसती घाई नव्हे. सोलापुरात चटणी कुटणारे सराईत हात भराभरच चालतात. वरून काही बदल दिसत नाही तेवढा वेळ सोसवत नाही, तो उतावीळपणा.

२५० ग्रॅम दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १५ ते २० मिनिटं हलवत भाजा. सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटतं आणि नेमकी तेव्हाच आच वाढवली जाते. मग सालं करपतात, दाणा आत कच्चा राहतो. एखादा फोडून पाहा. मधोमध पांढरा असेल तर अजून भाजा.

पसरून पूर्ण निवू द्या. गरम दाणे कुटले तर वाफ आतच राहते, चटणी सादळते.

आता ८-१० लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन मोठे चमचे तिखट, मीठ घालून खलात कुटा. आधी कोरडा भुगा होतो. पुष्कळजण इथेच थांबतात! कुटत राहिलात की दाण्यांचं तेल सुटतं, तिखटाचा रंग त्यात उतरतो, मुठीत दाबल्यावर चटणी गोळा धरते. वरून तेल ओतून ही चव येत नाही. मिक्सरच वापरायचा तर दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, मधूनमधून कडा खरवडा. सलग फिरवलात तर लगदा होतो, आणि तो परत सुटा होत नाही.