दादा स्वप्नात येऊन चष्मा मागतात

गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागत असेल, तर काय समजायचं? समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि नाशकात तो यावा यात नवल नाही. गावात रामकुंड, तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर. पितृदोष, कालसर्प, नारायण नागबळी हे शब्द इथे लहानपणापासून कानावर असतात. त्यामुळे विचित्र स्वप्न पडलं की त्याचा निकाल घरातल्या घरात लागतो. माणूस माझ्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा स्वप्नाला घाबरून नव्हे, त्या निकालाला घाबरून. पुढची हकीकत त्यातलीच. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

आप्पा पन्नाशी ओलांडलेले, निफाडकडचे द्राक्षबागायतदार. मुलांच्या शिक्षणासाठी घर नाशकात केलेलं, बाग गावी. थोरले भाऊ, दादा, वर्षभरापूर्वी गेले. बाग दोघांनी मिळून उभी केलेली. ऑक्टोबर छाटणी उरकली आणि आप्पांना स्वप्नं पडायला लागली. त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या आणि सुरुवातही त्यांनीच केली. "मॅडम, हे रात्री झोपतच नाहीत. दादा बोलावून राहिलेत यांना."

आप्पांना म्हटलं, आत्ता समोर चाललंय असं समजून सांगा.

"आमच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर आहे, पण ते नाशिकरोड स्टेशनपण आहे. म्हणजे चूल आहे आणि चुलीला लागून प्लॅटफॉर्म. दादा पाटावर बसून विरळणी करतोय, घडातले जादा मणी कात्रीने काढतोय. घड वेलीवर नाहीत, परातीत आहेत. मी म्हणतो, दादा, अरे तू तर गेलास, रामकुंडावर दहावा केला आम्ही तुझा. तर म्हणतो, हो, मीपण आलो होतो ना, गर्दी फार होती, तुला हाक मारली तर तुला ऐकूच गेली नाही. मग म्हणतो, माझा चष्मा तुझ्याकडे राहिलाय, तेवढा दे. मणी दिसत नाहीत."

'गर्दी फार होती' सांगताना त्यांना हसू फुटलं आणि लगेच ते ओशाळले. मलाही हसू आलं होतं.

"हे सगळं चाललेलं असताना, स्वप्नाच्या आत, कसं वाटत होतं?" मी विचारलं.

उत्तराला वेळ लागला. "बरं वाटत होतं. दादा बसलाय ना समोर."

"मग भीती कधी वाटली?"

"जाग आल्यावर." थोडं थांबून म्हणाले, "जाग आल्यावरही नाही खरं तर. चुलत्यांना सांगितलं, तेव्हा."

चुलत्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, दादाची वासना अडकलीय, त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या. दुसरी, तोवर स्वप्नात त्याने काही मागितलं तर द्यायचं नाही. दिलं तर तो आपल्याला सोबत नेतो. त्या दिवसापासून स्वप्नाने वळण बदललं. आता आप्पा चष्मा लपवायला लागले. कपाटाचा खण उघडला की आत दुसरा खण, त्यात तिसरा. दादा तिकडे वाट बघतोय, गाडी सुटायची वेळ झालीय, आणि आप्पांचे पाय जमिनीवरून उचलत नाहीत. धडधडत्या छातीने जाग यायची. मग त्यांनी स्वतःच उपाय काढला: झोपायचंच नाही. पहाटे चारपर्यंत मोबाईलवर पावसाचे अंदाज बघत बसायचं आणि डोळा लागलाच तर आठ-साडेआठला उठायचं.

आणि स्वप्नं वाढली.

ती का वाढली हे आधी सांगते, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेचा एक वेगळा प्रकार नोंदवला. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. त्या वेळी उठवलेली माणसं बहुतेक वेळा स्वप्न सांगतात. या झोपेला 'रेम' म्हणतात. रात्रभरात साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं होतात आणि प्रत्येकाच्या शेवटाकडे ही रेम झोप येते. पहिल्या आवर्तनात ती काही मिनिटांचीच असते, पहाटेकडे लांबत जाते. म्हणजे रात्रभर जागून नेमकं पहाटे चार ते आठ झोपणारा माणूस स्वप्नांच्याच वेळेला अंथरुणावर पडतो. वर बुडालेली रेम झोप शरीर पुढच्या झोपेत वसूल करतं, आणि तेव्हा स्वप्नं जास्त ठळक पडतात. आप्पा दादांना टाळायला म्हणून जागत होते आणि त्यांचीच वेळ साधून झोपत होते. पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात, त्याच्या मुळाशीही मला हेच दिसतं. ती जास्त पडतात, लांबलचक असतात आणि त्यातूनच जाग येत असल्यामुळे लक्षात राहतात.

आता तो चुलीशेजारचा प्लॅटफॉर्म. रेम झोपेत मेंदू विश्रांती घेत नाही. भावनांशी संबंधित भाग जोरात चालू असतात, दृश्यं तयार करणारे भागही. मंदावतो तो कपाळामागचा, कारणमीमांसा करणारा भाग. 'असं कसं होईल?' विचारणारा कारकूनच रजेवर असतो म्हणा ना. समोर येईल त्या कागदावर शिक्का बसतो. दादा गेलेत हे आप्पांना स्वप्नातही माहीत होतं आणि दादा समोर आहेत हेही दिसत होतं. जागेपणी यातली एक गोष्ट दुसरीला खोडते. झोपेत दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

आप्पांनी आणखी एक विचारलं. "कधीकधी तोंड आमच्या मामाचं असतं, पण असतो तो दादाच. हे काय?" चेहरा दिसणं आणि 'हा आपला' असं वाटणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. जागेपणी ती इतकी जोडून चालतात की फट दिसत नाही. स्वप्नात ती सुटी होतात. आणि पाय उचलत नाहीत त्यामागे कुणाची ओढ नसते: रेम झोपेत मेंदूच हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरंच पलंगावरून उडी मारेल.

या एका गोष्टीमुळे मी त्यांच्या पत्नीला बाजूला विचारून घेतलं, हे झोपेत लाथा मारतात का, हात उगारतात का, कधी पलंगावरून पडलेत का? नाही म्हणाल्या. हो म्हणाल्या असत्या तर मी त्यांना आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. पन्नाशीनंतर माणूस स्वप्नं अंगाने करायला लागला, तर ते पुढे येणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराचं आधीच दिसणारं लक्षण असू शकतं. दरवेळी असतं असं नाही, पण तपासायला हवं. तिथे पूजाही नको आणि समुपदेशनही नको, आधी डॉक्टर.

बाकी चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. शेतीची लाईट काही आठवडे रात्रीची असते, त्या दिवसांत आप्पा गावी मुक्कामाला असत आणि मध्यरात्री मोटर चालू करायला उठत. झोप तिथेच मोडलेली होती. दुसरं, रक्तदाबाची नवी गोळी छाटणीच्याच सुमारास सुरू झाली होती. ती बीटा ब्लॉकर गटातली निघाली. या गटातल्या काही गोळ्यांनी काही जणांना ठसठशीत स्वप्नं पडतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. घरच्यांना कुणी सांगत नाही. गोळी मनाने बंद करायची नाही हे मी दोनदा बजावलं. त्यांच्या डॉक्टरांनी पर्याय बघून ती बदलून दिली.

म्हणजे सगळं गोळीनेच झालं का? स्वप्नं ठळक झाली ती कदाचित गोळीने. पण त्यात दादाच का आले, हे गोळी सांगू शकत नाही. वर्षभर बागेतला प्रत्येक निर्णय आप्पा एकटे घेत होते. घडावर किती मणी ठेवायचे, हे आजवर दादा ठरवायचे. विरळणीचे दिवस तोंडावर आलेले, वर अवकाळीची टांगती तलवार. अशा वेळी दादा कात्री घेऊन पाटावर बसलेले दिसले, तर त्याला मी अशुभ म्हणणार नाही. आपल्याकडे 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणतात, तेवढं मला पुरतं. साप दिसला तर अमुक आणि दात पडला तर तमुक, या याद्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. फ्रॉइडचं नाव घेऊन प्रत्येक वस्तूचा ठरीव अर्थ सांगणारेही मला त्याच पंगतीतले वाटतात.

भीतीदायक स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर एक साधी पद्धत आहे. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आघातातून गेलेल्या स्त्रियांवर वापरून 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. जागेपणी ते स्वप्न आठवायचं, आपल्याला हवा तसा त्याचा शेवट बदलायचा आणि तो नवा शेवट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचा. बदल काय करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आप्पा म्हणाले, "मी चष्मा देऊन टाकतो." पत्नी ताडकन म्हणाल्या, "अजिबात नाही!"

त्यांची भीती खोटी नव्हती. दीर गेले, आता नवऱ्यावर बेतेल असं त्यांना वाटत होतं. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "ताई, दादा असते तर धाकट्या भावाचं वाईट चिंतलं असतं का हो त्यांनी?" त्या रडायला लागल्या. मग दोघांनी मिळून शेवट ठरवला. चष्मा कुठेच न्यायचा नाही. दादांना म्हणायचं, "चष्मा इथेच आहे, तू बस, लाव आणि मला दाखव किती मणी ठेवायचे ते." गाडी जाऊ द्यायची.

पूजेबद्दल त्यांनी मला थेट विचारलं. मी म्हटलं, श्रद्धा असेल तर दादांच्या आठवणीसाठी करा. भीतीपोटी करू नका, आणि कर्ज काढून तर मुळीच नको. शिवाय पूजेनंतरही दादा स्वप्नात आले तर 'पूजा चुकली' म्हणून पुन्हा घाबरायचं नाही, हे आत्ताच ठरवून टाका. त्यांनी वर्षश्राद्ध नीट केलं आणि तेवढ्यावर थांबले.

झोपेची वेळ आधी बांधली. रात्री दहानंतर पावसाचे अंदाज बंद, सकाळी उठायची वेळ रोज एकच, रात्रीच्या लाईटला मोटर बघायला गावातला एक गडी लावला. नवा शेवट आप्पा दुपारी जेवणानंतर डोळ्यांसमोर आणत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दचकून उठणं कमी झालं. ठरवलेला शेवट स्वप्नात जसाच्या तसा एकदाही आला नाही. बहुतेकांना येत नाही, आणि त्याने बिघडत नाही. दादा अजून मधूनमधून येतात. परवाच्या स्वप्नात ते तहसील कचेरीत सातबारा वाचत होते आणि सातबाऱ्यावर म्हणे औषध फवारणीचं वेळापत्रक होतं.

आप्पांनी हे रंगवून सांगितलं. त्या दिवशी शंका पत्नीची होती. "मॅडम, मला तर स्वप्नं पडतच नाहीत. काही कमी आहे का माझ्यात?"

पडतात, ताई. रेम झोप तुम्हालाही येते, फक्त त्यातून जाग आली नाही तर स्वप्न लक्षात राहत नाही. तुम्ही आप्पांपेक्षा चांगलं झोपता, एवढाच त्याचा अर्थ.