गणित सोडू देऊ नका, ताई

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक अकरावीत, पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र) घेतलेली. पेशीच्या आवरणाचा धडा वाचल्यापासून तिचं एकच चालू आहे: ‘हे रचतं कोण?’ कुणी न रचता रेणू आपणहून रचले जातात, याला सेल्फ असेंब्ली म्हणतात हे तिने शोधून काढलं आणि आता तिला त्यातच काम करायचंय. घरच्यांच्या मनात नीट आहे. आई विचारतात, ‘बारावीला गणित सोडलं तर बायोला वेळ मिळेल, सोडू का? आणि या विषयावर पुढे पोट भरतं का?’

ताई, आधी गणिताचं सांगते. सोडू देऊ नका.

साबणाचे रेणू पाण्यात गोल पुंजके करतात. तेलकट शेपट्या आत, पाणी आवडणारी डोकी बाहेर. पेशीचं आवरण याच नात्यातलं, फक्त दोन थरांचं. शेपट्या एकमेकींना ओढून घेतात असं आपल्याला वाटतं, पण खरा जोर पाण्याचा असतो. प्रत्येक शेपटीभोवती पाण्याच्या रेणूंना अवघडून बसावं लागतं. शेपट्या एकत्र आल्या की ते पाणी मोकळं होतं. हा मोकळेपणा किती वाढला ते मोजायचं, तर एन्ट्रॉपी आली, लॉगॅरिदम आला, संभाव्यता आली. तुमच्या लेकीचा प्रश्न जीवशास्त्राच्या पुस्तकात सुरू झाला असला तरी त्याचं उत्तर गणिताच्या वहीत आहे.

तिने अगदी योग्य जागी बोट ठेवलंय, हेही सांगायला हवं. रेणूच्या आतला कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोजूल लागतात, रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या हायड्रोजन बंधाला साधारण १० ते ३०. मग इतक्या कच्च्या बंधांवर जीवसृष्टी उभी कशी? शिवणकाम करणाऱ्या बाईला हे चटकन कळेल. पक्की शिलाई मारण्याआधी आपण धावदोरा घालतो, चुकला तर ओढून काढता येतो. चुकीच्या जागी बसलेला रेणू तसाच सुटतो आणि पुन्हा बसतो. बंध पक्के असते, तर पहिली चूक कायमची राहिली असती. आणि असे शेकडो कच्चे टाके एकत्र आले की रचना भक्कम होते. १९५५ साली अमेरिकेतल्या बर्कलीत फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं प्रथिन आणि आरएनए (त्याचा आनुवंशिक धागा) वेगळं केलं आणि पुन्हा एकत्र मिसळलं. प्रत्येक आरएनएभोवती २,१०० हून जास्त प्रथिनं आपापल्या जागी बसली, विषाणूच्या काड्या पुन्हा तयार झाल्या आणि त्यांनी तंबाखूच्या पानांना रोगही लावला. रचणारा कुणी नव्हता. मला स्वतःला हा प्रयोग अजून थक्क करतो.

आता पोटाचं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचं इंजेक्शन शोधत लोकांनी मुंबई-ठाणं पालथं घातलं होतं, आठवतं? लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन. त्यात औषध मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत बसवलेलं असतं, म्हणून मूत्रपिंडाला त्रास कमी होतो. त्या पुटिका साबणाच्या पुंजक्यांचीच भावंडं. कोविडच्या एमआरएनए लशीही मेदाच्या अशाच कणांतून दिल्या गेल्या. औषध कंपन्यांत या कामाला फॉर्म्युलेशन म्हणतात. पण नुसत्या बी.एस्सी.वर बहुतेकदा क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, नमुने तपासायचं काम मिळतं. तिला हवं ते काम करायचं तर पाच वर्षांचं एम.एस्सी. आणि वर पाचेक वर्षांची पीएच.डी. धरून चला. पीएच.डी.त जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिना ३७ हजार आणि वर घरभाडे भत्ता असतो, म्हणजे तो सगळा काळ तुम्हाला पोसावा लागत नाही.

सेल्फ असेंब्ली नावाची पदवी शोधू नका. आयसर पुणे ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था किंवा कालिन्याच्या विद्यापीठ परिसरातलं सीईबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र, या दोन जागा मी आधी सुचवेन. आयसरच्या प्रवेश चाचणीत चारही विषयांचे प्रश्न असतात. सीईबीएसचा प्रवेश नेस्ट या परीक्षेतून होतो. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आली, तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांपर्यंत मिळते. नीटही देऊ दे, तीन विषय सामाईकच आहेत. मात्र नीटसाठी गणिताचा बळी देऊ नका, नाहीतर दुसरी वाट आपणच बंद केल्यासारखं होईल. पुढे पीएच.डी.साठी फार लांब जायचं नसेल, तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथे कर्करोगाशी संबंधित प्रथिनांच्या रचनेवर काम चालतं.

आता दोन शब्द तुझ्याशी, बाळा. घरात चायना ग्रास असेल. ते पाण्यात उकळ आणि निवताना थर्मामीटर लाव. चाळिशीच्या आसपास ते घट्ट होईल. मग पुन्हा तापव: वितळायला मात्र पंच्याऐंशीच्या जवळ जावं लागेल. गोठतं एका तापमानाला आणि सुटतं दुसऱ्याच, असं का? साखर घालून कर, न घालता कर, पाणी दुप्पट घेऊन कर. आकडे वहीत लिही, आलेख काढ आणि तुझं उत्तर मला कळव. चुकलेले आकडे खोडू नकोस, तेही पाठव.