बारावीला ५७ टक्के, सीईटीला ९७ पर्सेंटाइल: इंजिनिअरिंगचं कॉलेज कसं निवडू?

प्रश्न विचारणारा साताऱ्याचा आहे. स्टेट बोर्डाला ५७ टक्के, एमएचटी-सीईटीला ९७ पर्सेंटाइल, खुला प्रवर्ग, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. नातेवाईक म्हणतायत, बोर्डाला एवढे कमी म्हणजे चांगलं कॉलेज विसर. वडील पुण्यातल्या कुठल्याशा खाजगी कॉलेजात मॅनेजमेंटची सीट आत्ताच पैसे भरून धरून ठेवायला निघालेत.

आधी वडिलांना थांबव, मग पुढचं वाच.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि ॲडमिशनच्या हंगामात कागदपत्रं तपासायच्या टेबलावर बसतो. मार्कशीट पडलेली आणि स्कोअरकार्ड चढलेलं, अशी जोडी घेऊन येणारे पालक दरवर्षी भेटतात. मार्कशीट फायलीच्या अगदी तळाशी घातलेली असते. मी ती काढतो, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सची बेरीज करतो, ४५ टक्के भरतात का बघतो (राखीव प्रवर्गाला ४०), टिक मारतो आणि पुढचा कागद मागतो. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, बोर्डाच्या मार्कांचं काम जवळपास एवढंच. गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. दोघांची बरोबरी झाली तर आधी मॅथ्स, मग फिजिक्स, मग केमिस्ट्रीचं पर्सेंटाइल बघतात. तिथेही सुटलं नाही, तरच बारावीचे मार्क उघडतात. तुझे ५७ टक्के सगळ्या विषयांचे आहेत, म्हणून पीसीएमची बेरीज वेगळी करून बघ. ३०० पैकी १३५ असले की तू पात्र.

बोर्ड आडवं येतं ते दुसरीकडे. आयआयटी, एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं, त्यामुळे ते दार बंद समज. जेईई मेन दिली असशील तर तो स्कोअर अगदीच वाया जात नाही, कारण आपल्याकडच्या खाजगी कॉलेजांत १५ टक्के ऑल इंडिया जागा त्यावर भरतात. दुसरी अडचण चार वर्षांनी येते. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के मागतात. ५७ वर त्यांच्या फॉर्मला बसता येत नाही, मग कॉलेज कितीही नावाजलेलं असो. म्हणून कॉलेजचा प्लेसमेंटचा बोर्ड बघताना आकडा बघू नकोस. तिथल्या सीनियरला गाठ आणि बारावीची अट न घालणाऱ्या कंपन्या किती आल्या ते विचार. एम.टेकसाठीच्या गेट परीक्षेला किंवा एमपीएससीला मात्र तुझी बारावी कुणी विचारत नाही.

आता ९७ म्हणजे किती, ते नीट समजून घे. ते टक्के नाहीत, हे तुला ठाऊक असेल, पण आजूबाजूच्यांना नसतं. २०२५ साली पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. तेवढ्यांत ९७ म्हणजे तुझ्या पुढे बारा हजारांच्या आसपास मुलं. हा आकडा बरा आहे, पण पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये कॉम्प्युटर मिळण्याइतका नाही. सांगलीच्या वालचंदलाही खुल्या गटातून कॉम्प्युटर अवघड आहे. तिथे मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलचा विचार करता येईल. कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज तुला घरापासून पन्नास किलोमीटरवर, आणि सरकारी असल्यामुळे फी खाजगीच्या मानाने खूप कमी. साखराळ्याचं आरआयटी आणि आष्ट्याचं अण्णासाहेब डांगे याच पट्ट्यात आहेत, आणि तुझ्या गावातच रयतचं केबीपी आहे.

पण खरा मुद्दा पुढे आहे, आणि त्याबद्दल तुझे नातेवाईक काही बोलले नसतील. सीईटीला ९७ आणि बोर्डाला ५७ हे एकाच मुलाला पडतात, ते का? आजारपण किंवा घरचं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधं असतं. दोन वर्षं क्लासमध्ये पर्यायांवर गोल करायची सवय लागलेली, सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, आणि बोर्डाचा पेपर लिहायचा सराव कुणी करून घेतलेला नाही. डोकं चालतं, हात चालत नाही. आणि इंजिनिअरिंगची परीक्षा पुन्हा लिहायचीच असते.

पहिल्या सेमिस्टरचे मॅथ्सचे पेपर तपासताना अशी मुलं मला लगेच ओळखू येतात. मॅट्रिक्सच्या आयगन व्हॅल्यू काढायचं गणित असतं. पोरगं शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने कच्चं काम करतं, तीन उत्तरं बरोबर काढतं आणि मूळ जागी फक्त ती तीन उत्तरं लिहून पुढच्या प्रश्नाकडे जातं. कॅरेक्टरिस्टिक इक्वेशन नाही, विस्तार नाही, काही नाही. मार्क पायऱ्यांना असतात, त्यामुळे सहापैकी दोन पडतात. सोबतीला ग्राफिक्स, म्हणजे ड्रॉइंगचा विषय, अडला की पोरगं एटीकेटीत. मग घरी फोन जातो की कॉलेज बरोबर नाही.

म्हणून कॉलेज निवडताना तू एक गोष्ट जास्त बघावीस असं मला वाटतं. तिथे परीक्षा कशा होतात? स्वायत्त कॉलेजांत, म्हणजे जी परीक्षा स्वतः घेतात तिथे, मार्क विभागलेले असतात. वर्षभराचे अंतर्गत, मिड-सेम, एंड-सेम. पहिला पेपर बिघडला की महिन्या-दीड महिन्यात कळतं आणि सावरायला वेळ मिळतो. वालचंद, कराड, आरआयटी ही तिन्ही स्वायत्त आहेत. ज्याची गाडी लिहिण्यात अडते त्याला ही पद्धत सोयीची, फक्त हजेरी आणि सबमिशनमध्ये ढिलाई चालत नाही. आणि शक्य असेल तर पहिलं वर्ष होस्टेलला काढ. साताऱ्याहून कराडला सवलतीच्या पासवर एसटीने रोज जाणारी मुलं आहेत, जमतंही त्यांना, पण संध्याकाळी घरी येऊन पुन्हा लिहायला बसणारा मुलगा मी फारसा पाहिलेला नाही.

कटऑफची पीडीएफ उघडशील तेव्हा जी-ओपन-एस, जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ असे रकाने दिसतील. शेवटच्या अक्षराकडे बघ. एस म्हणजे राज्यपातळी, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची मुलं. तुझं होम शिवाजी विद्यापीठ, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा. पुण्याच्या खाजगी कॉलेजात तू बहुतेक ठिकाणी ओ रकान्यात बसतोस, तिथला कटऑफ एचवरून काढलास तर फसशील. एल ने सुरू होणारे रकाने मुलींचे, ते सोडून दे. आणि नुसतं गेल्या वर्षीचं पान बघू नकोस, दोन-तीन वर्षांची पानं शेजारी ठेव.

पसंतीक्रम भरताना कटऑफप्रमाणे उतरंड लावायची गरज नाही. जे खरंच हवं ते वर घाल, मिळण्याची शक्यता कमी असली तरी. वरचं नाही मिळालं म्हणून खालचं हातचं जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या नंबरावर टाकलेलं, आणि पुढच्या फेऱ्यांत वरच्या काही नंबरांतलं, मिळालं की ते घ्यावंच लागतं, तेव्हा तिथे शेजारच्याच्या सांगण्यावरून काही लिहू नकोस. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या, टीएफडब्ल्यूएसच्या जागाही तुला लागू. त्या मंजूर जागांच्या पाच टक्के असतात, त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी येतो. तो कोड वेगळा टाकावा लागतो आणि निम्म्या मुलांना ते माहीतच नसतं.

मी तुझ्या जागी असतो तर वालचंदचं इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल, मग कराडच्या आवडीच्या शाखा, मग आरआयटीचं कॉम्प्युटर, टीएफडब्ल्यूएस कोड आधी आणि साधा कोड नंतर, आणि शेवटी आष्टा किंवा केबीपी असं भरलं असतं. कोडिंगच करायचं पक्कं असेल तर आरआयटी वर घे, मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता वडिलांचं. मॅनेजमेंटच्या जागेवर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती मिळत नाही. कॅपमधून गेलास तर तुमच्या उत्पन्नात निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. ९७ पर्सेंटाइलच्या मुलाने ती सवलत सोडून वर डोनेशन द्यायचं, हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर चार वर्षांचा मांड. आणि त्याच दिवशी त्यांना उत्पन्नाच्या आणि डोमिसाइलच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात पाठव, निकालानंतर तिथे रांग लागते.