घरातल्या दुरुस्तीसाठी पोर्टेबल टाइल कटर मशीन निवडताना काय पाहावं?

आधी सर्वांत मोठ्या टाइलचं माप बघा. 600×600 मिमीची टाइल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापायची तर जवळपास 850 मिमीचा काप लागतो. छोट्या टेबल मशीनवर ते जमत नाही, रेलवालं मशीन (ज्यात पातं रेलवर सरकतं) लागतं. सरळ कापांना 7 इंची पात्याचं, पाण्यावर चालणारं टेबल मशीन पुरे.

खरा फरक पात्याने पडतो. विट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट, कडक) टाइलसाठी अखंड कडेचं डायमंड पातंच घ्या. खाचांच्या पात्याने कपच्या उडतात. तरीही शेवटच्या इंचभरात कोपरा तुटू शकतो, कारण तिथे टाइलला धरून ठेवणारा भाग उरत नाही. म्हणून समोरच्या टोकाकडून आधी इंचभर काप घ्या, मग टाइल फिरवा. पाणी कमी पडलं की पातं तापून काप वाकतो. आणि 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर मशीन लावूच नका.