वहनक्षमता की धारणक्षमता?

प्रश्न असा आलाय: वारसास्थळांच्या पर्यटन आराखड्याचं मराठी करताना ‘कॅरिंग कपॅसिटी’ला, म्हणजे नुकसान न होता एखादी जागा किती माणसं घेऊ शकेल या मापाला, काय म्हणायचं? कुठे ‘वहनक्षमता’ छापलेलं असतं, कुठे ‘धारणक्षमता’, आणि अर्थ मात्र एकच धरलेला दिसतो.

माझं मत धारणक्षमतेला. हे दोन्ही शब्द पाटबंधारे आणि शेतीत आधीपासून आहेत आणि तिथे त्यांची गल्लत होत नाही. कालव्याची ती वहनक्षमता, म्हणजे त्यातून सेकंदाला किती पाणी वाहील. काळ्या मातीची ती जलधारणक्षमता, म्हणजे ती किती पाणी धरून ठेवेल. एक प्रवाहाचं माप, दुसरं साठ्याचं. इंग्रजी शब्द आधी जहाजावर किती माल चढेल यासाठी होता, पुढे कुरणावर किती गुरं पोसतील यासाठी वापरात आला. आपलं ‘वहन’ अजून जहाजातच बसलंय.

वारसास्थळी पहिला प्रश्न साठ्याचाच असतो. अजिंठ्याचं पहिलं लेणं घ्या. मुख्य दालन साधारण २० मीटर लांब आणि तेवढंच रुंद, म्हणजे ४०० चौरस मीटर. खांबांची जागा तूर्त विसरू. माणशी २ चौरस मीटर धरले तर एका वेळी २०० जण. दर १५ मिनिटांनी तुकडी बदलली तर ८ तासांत ३२ तुकड्या, म्हणजे दिवसाला ६,४०० माणसं. संवर्धनतज्ज्ञ मिगेल सिफुएंतेस यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या तीन पायऱ्यांच्या रीतीतली ही पहिली, ‘भौतिक’ क्षमता. पुढच्या दोन ‘वास्तव’ आणि ‘परिणामकारक’. अशी नावं वाचून कोणाला काय बोध होतो, देव जाणे. मराठीत तिन्हींना रोजची क्रियापदं आहेत: किती मावतील, किती सोसतील, किती झेपतील.

६,४०० हे झालं मावणं. पण अजिंठ्याची चित्रं कातळावर थेट रंगवलेली नाहीत. खाली मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. दोनशे जणांच्या श्वासाची आणि घामाची वाफ असा गिलावा किती दिवस सोसेल? म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात आणि फ्लॅशला मनाई असते. फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. माणसं आत मावत होती, पण त्यांच्या उच्छ्वासाने भिंतींवर शेवाळ धरलं आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली.

झेपणं हा व्यवस्थेचा हिशेब: पहारेकरी किती, स्वच्छतागृहं किती, फर्दापूरच्या वाहनतळावरून लेण्यांपर्यंत बसच्या फेऱ्या किती. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा तोच खरा.

ताजमहालाचं तिकीट २०१८ पासून तीन तासांपुरतं असतं. हा लगाम एका वेळी आत असलेल्या गर्दीवर आहे. दिवसभरात येणाऱ्यांची संख्या त्याने कमी होत नाही, उलट दिवसात जास्त तुकड्या बसतात. एकाच शब्दाने दोन्ही मापं सांगितली की अहवाल वाचणारा इथेच फसतो.

तरी वहनक्षमता अगदीच टाकाऊ नाही. नाशिककडच्या हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्या आठवा. खोबणीत बोटं अडकवून चढायचं, आणि वरून कोणी उतरायला लागलं की दोघांनीही थांबायचं. गडावर जागा मोकळी असली तरी अडतं ते पायऱ्यांवर. तिथे तासाला किती माणसं वर जातील हा शुद्ध कालव्याचा प्रश्न आहे, तिथे वहनक्षमताच लिहा.

आराखड्यात कुठलाही शब्द घेतलात तरी आकड्याआधी ‘एका वेळी’ की ‘दिवसाला’ ते आलंच पाहिजे. आणि मूळ मजकुरात ‘क्षमतेइतके पर्यटक आणण्याचं उद्दिष्ट’ असं काही सापडलं, तर शब्दकोश मिटून आधी आराखडा लिहिणाऱ्याला फोन करा. धारणक्षमता ही ओलांडू नये अशी मर्यादा, आणि त्याने ती व नाट्यगृहाची आसनक्षमता एकच समजलीय.