चेंबर चढवण्याआधी बोल्ट जुळव
मित्रा, ऑइल चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे, बोल्ट दहाच्या पान्याने खोलले म्हणून सगळे सारखेच, असं धरू नकोस. लांबीत फरक असतो. जास्त लांब बोल्ट बंद (आरपार नसलेल्या) भोकात तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण चेंबर सैलच राहतं आणि तेल पाझरतं. इंजिनाच्या अॅल्युमिनियम ब्लॉकात आणखी जोर लावलास तर आटेच जातील. खोलतानाच पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढ, प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेव. भोकांतलं तेल पूस. आधी सगळे हाताने लाव, मग मधून कडेकडे, आलटूनपालटून आवळ. सहा एमएम जाडीच्या (डोकं दहाचं) बोल्टला आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, पुरतो. नेमका आकडा तुझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच बघ.